जिथे पाहिले नाही, तिथलाही हिशेब

एखाद्या दीर्घिकेकडे कितीही मोठ्या दुर्बिणीतून आणि कितीही रात्री पाहत राहिले, तरी विश्व आजवर कोणत्या गतीने प्रसरण पावत आले आणि ते कशाकशाचे बनले आहे, हे तिच्या एकटीवरून कळत नाही. ते कळते लाखो दीर्घिकांच्या जागांवरून, आणि नेमके सांगायचे तर त्या जागांमधल्या अंतरांवरून. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. खगोलशास्त्र हा माझा विषय नाही, हौस आहे. तरीही दीर्घिकांची सर्वेक्षणे आणि त्यांवरचे शोधनिबंध मी जमेल तसे वाचत आलो, याचे कारण या उद्योगातला अर्धा भाग आमच्या विषयाचा आहे. ‘कृष्णऊर्जा क्षीण होत आहे’ (कृष्णऊर्जा म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी, स्वरूप अज्ञात असलेली ऊर्जा) असा मथळा वृत्तपत्रात येतो, तेव्हा त्यामागे दुर्बिणीइतकेच महत्त्व नमुना कसा निवडला, त्यातून काय सुटले आणि सुटलेल्याची भरपाई कशी केली, या कामाला असते. बातम्यांत दुर्बिणीचे छायाचित्र येते. या दुसऱ्या कामाचे नावही येत नाही.

सर्वेक्षणाच्या यादीत प्रत्येक दीर्घिकेपुढे मुळात तीन आकडे असतात. पहिले दोन ती आकाशात कुठे आहे ते सांगतात, म्हणजे विषुवांश आणि क्रांती. तिसरा आकडा तिची ताम्रसृती. दीर्घिकेचा प्रकाश वर्णपटात पसरवला की ठराविक मूलद्रव्यांच्या रेषा त्यांच्या मूळ जागेवरून तांबड्या बाजूला सरकलेल्या दिसतात. तरुण तारे घडवणाऱ्या दीर्घिकांत ऑक्सिजनची एक जोडरेषा ठळक असते. प्रयोगशाळेत तिची तरंगलांबी ३७२.७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जंबुपार भागात येते. तीच जोडी एखाद्या दीर्घिकेच्या वर्णपटात ७४५.४ नॅनोमीटरवर सापडली, तर तो प्रकाश निघाल्यापासून विश्वातली अंतरे दुप्पट झाली आहेत आणि ताम्रसृती १ आहे. दोन रेषा अगदी लगत असल्यामुळे वर्णपटमापक पुरेसा बारीक असेल तर दुसरी एकही रेषा दिसली नाही तरी ही जोडी ओळखता येते, आणि आजची सर्वेक्षणे दूरच्या लाखो दीर्घिकांची ताम्रसृती याच खुणेवरून ठरवतात.

ताम्रसृती म्हणजे अंतर नव्हे, हे मात्र इथेच स्पष्ट करायला हवे, कारण लोकप्रिय लेखनात या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. प्रकाशाच्या प्रवासात विश्व किती पट ताणले गेले एवढेच ताम्रसृती सांगते. त्या ताणाला किती काळ लागला आणि त्या काळात प्रकाशाने किती अंतर कापले, हे प्रसरणाच्या इतिहासावर अवलंबून असते, आणि शोधायचा आहे तो नेमका तोच इतिहास. म्हणून वेगवेगळ्या ताम्रसृतींपाशी खरी लांबी आधीच ठाऊक असलेली एखादी गोष्ट सापडायला हवी. ती आकाशात किती अंशांची दिसते आणि दृष्टिरेषेच्या दिशेने किती ताम्रसृती व्यापते, एवढे मोजले की अंतर आणि प्रसरणाचा त्या वेळचा दर या दोन्ही गोष्टी हाती येतात.

अशी लांबी विश्वाने स्वतःच मागे ठेवलेली आहे. महास्फोटानंतरची पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे विश्व इतके तप्त होते की इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्रके एकत्र राहू शकत नव्हती. प्रकाशकण मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर सतत आदळत असल्यामुळे प्रकाश आणि सामान्य द्रव्य यांचा मिळून एक द्रव बनला होता. जिथे द्रव्य किंचित जास्त होते तिथे गुरुत्वाकर्षण त्याला आत खेचत होते आणि प्रकाशाचा दाब बाहेर ढकलत होता, आणि या ओढाताणीतून प्रत्येक दाट जागेभोवती ध्वनीची लहर गोलाकार पसरत गेली. तिचा वेग थोडाथोडका नव्हता. तो प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक होता. पुढे तापमान उतरले, अणू बनले, प्रकाश मोकळा झाला आणि दाब नाहीसा झाल्यामुळे लहर होती तिथेच थांबली. कृष्णद्रव्यावर, म्हणजे केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या अदृश्य द्रव्यावर, प्रकाशाचा दाब चालत नसल्याने ते मात्र मध्यभागीच राहिले होते. थांबताना लहरीची त्रिज्या सुमारे साडेचार लाख प्रकाशवर्षे होती. त्यानंतर विश्व हजाराहून अधिक पटींनी ताणले गेले आणि आज तीच लांबी १४७ मेगापार्सेक, म्हणजे जवळजवळ ४८ कोटी प्रकाशवर्षे आहे. मधल्या दाट जागेत आणि भोवतालच्या कवचात, अशा दोन्ही ठिकाणी पुढे दीर्घिका थोड्या अधिक बनल्या. भौतिकशास्त्रज्ञ पीबल्स आणि यू, तसेच स्वतंत्रपणे सुन्याएव आणि झेल्दोविच यांनी १९७० मध्ये या भौतिकीचे गणित मांडले होते. पण दीर्घिकांच्या वाटपात तिची खूण दिसायला आणखी ३५ वर्षे जावी लागली.

इतका उशीर होण्याचे कारण खुणेच्या क्षीणपणात आहे. ही कवचे एकमेकांत अक्षरशः लक्षावधींनी मिसळलेली असल्यामुळे नकाशावर बोट ठेवून एखादे कवच दाखवता येत नाही. जे दिसते ते एवढेच: दीर्घिकांच्या सर्व शक्य जोड्या घेतल्या, तर परस्परांपासून सुमारे ४८ कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या जोड्या निव्वळ योगायोगाने जेवढ्या असायला हव्या त्याहून शंभरात एखादी जास्त भरते. शंभरात एक ही तफावत पकडायची तर नमुना प्रचंड हवा. १९८६ मध्ये हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राच्या दे लापारां, गेलर आणि हुक्रा यांनी आकाशाच्या एका पट्ट्यातील सुमारे ११०० दीर्घिकांचा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा दीर्घिका भिंती आणि पोकळ्यांच्या रचनेत विखुरलेल्या आहेत हे पाहून अभ्यासक थक्क झाले. पण ११०० दीर्घिकांवरून शंभरात एक तफावत कुणालाच पकडता आली नसती. ऑस्ट्रेलियातील ३.९ मीटरच्या दुर्बिणीने १९९७ ते २००२ या काळात दोन लाखांहून अधिक ताम्रसृती मोजल्या. न्यू मेक्सिकोतील अपाची पॉइंट इथल्या अवघ्या २.५ मीटरच्या दुर्बिणीने ‘स्लोन’ सर्वेक्षण २००० मध्ये सुरू केले आणि पुढच्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत नऊ लाखांवर दीर्घिकांची नोंद केली.

स्लोनची कामाची पद्धत मला मनापासून आवडते. आधी आकाशाची छायाचित्रे घेऊन त्यांतून लक्ष्ये ठरवली जात. मग आकाशाच्या तीन अंश रुंद तुकड्यासाठी अॅल्युमिनियमची सुमारे ८० सेंटिमीटर व्यासाची एक तबकडी घेऊन, त्या तुकड्यातील निवडलेल्या प्रत्येक दीर्घिकेच्या जागी यंत्राने एक एक भोक पाडले जाई. दिवसा माणसे हाताने त्या ६४० भोकांत प्रकाशतंतू खोवत आणि रात्री प्रत्येक तंतू आपापल्या दीर्घिकेचा प्रकाश वर्णपटमापकापर्यंत नेई. आमच्याकडे जकार्डच्या मागावर चादरीची सगळी नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत साठवलेली असते आणि कुठला धागा उचलायचा हे भोक ठरवते; अशा मागांच्या खडखडाटात वाढलेल्या सोलापूरकराला ही तबकडी ओळखीची वाटेल. फरक एवढाच की इथे कुठला तंतू कुठल्या भोकात जावा हे आधी ठरलेले नसे. हाताला येईल तो तंतू जवळच्या भोकात खोवायचा आणि नंतर प्रत्येक तंतूतून प्रकाश सोडून कोणता कुठे गेला त्याची नोंद करायची. माणसाने लक्षात ठेवण्यावर न विसंबता यंत्राने नंतर नोंदवण्यावर विसंबायचे, हा शहाणपणा पुढच्या सगळ्या विश्लेषणातही दिसतो.

जानेवारी २००५ मध्ये आयझेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी स्लोनच्या ४६,७४८ तेजस्वी तांबूस दीर्घिकांत ४८ कोटी प्रकाशवर्षांपाशी जोड्यांच्या संख्येत दिसणारा तो उंचवटा दाखवला आणि त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील सर्वेक्षणाच्या गटानेही स्वतंत्रपणे तीच खूण जाहीर केली. ४६,७४८ दीर्घिकांच्या एकूण जोड्या किती होतात याचा हिशेब बारावीचा विद्यार्थीही करू शकेल: सुमारे १०९ कोटी. एवढ्या जोड्या मोजून आयझेनस्टाइन यांच्या गटाला ०.३५ ताम्रसृतीपर्यंतचे अंतर पाच टक्क्यांच्या अचूकतेने मिळाले. आज पाच टक्के म्हणजे काहीच नाही, पण दीर्घिकांच्या जागांवरून अंतर मोजता येते हे त्या दिवशी सिद्ध झाले.

आता मूळ मुद्दा. ‘योगायोगाने जेवढ्या असायला हव्या त्याहून जास्त’ असे म्हटले की पहिला प्रश्न येतो तो योगायोगाने किती असायला हव्या हा, आणि त्याचे उत्तर सर्वेक्षण कुठे पाहू शकले आणि कुठे नाही यावर अवलंबून असते. एखादा तेजस्वी तारा आपल्याभोवतीचा आकाशाचा तुकडा झाकून टाकतो. आपल्याच आकाशगंगेतील धूळ काही दिशांना दूरच्या दीर्घिका मंद करते, त्यामुळे त्या निवडीतून गळतात. एका रात्री हवा स्वच्छ असते, दुसऱ्या रात्री विरळ ढग असतात. शिवाय प्रकाशतंतूंना जाडी असते: स्लोनच्या तबकडीवर ५५ विकलांपेक्षा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जवळ असलेल्या दोन दीर्घिकांवर एकाच वेळी तंतू बसवता येत नसे, त्यामुळे ज्या जागी दीर्घिका सर्वांत दाट, नेमक्या तिथेच त्या निसटत. याचा विचार न करता जोड्या मोजल्या तर विश्वाच्या नकाशाऐवजी आपल्या उपकरणाचा नकाशा हाती येतो.

यावरचा उपाय म्हणजे एक दुसरी यादी. संगणक निव्वळ यादृच्छिक बिंदू टाकतो, पण खऱ्या सर्वेक्षणाच्या सगळ्या मर्यादा पाळून: जिथे तारा आड आला तिथे बिंदू नाही, जिथे निरीक्षणे कमी झाली तिथे बिंदू कमी, आणि अंतरानुसार संख्येचा उतारही खऱ्या यादीसारखाच. मग खऱ्या-खऱ्या, खऱ्या-यादृच्छिक आणि यादृच्छिक-यादृच्छिक अशा तिन्ही प्रकारच्या जोड्या मोजायच्या. पहिल्या संख्येतून दुसरीची दुप्पट वजा करायची, तिसरी मिळवायची आणि आलेल्या उत्तराला तिसरीने भागायचे; अर्थात याद्यांच्या आकारांतला फरक आधी हिशेबात धरून. लॅंडी आणि झॅले यांनी १९९३ मध्ये सुचवलेले हे सूत्र आजही जवळजवळ प्रत्येक गट वापरतो. दिसायला साधे असलेल्या या सूत्राचे मोठेपण असे की याद्यांच्या कडांमुळे येणारा गोंधळ ते मोठ्या प्रमाणात खोडून टाकते.

पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थिनींना प्रकल्पासाठी मी स्लोनच्या पुढच्या टप्प्याची, म्हणजे ‘बॉस’ सर्वेक्षणाची सार्वजनिक यादी घ्यायला सुचवले होते. १२ लाख दीर्घिकांची ही यादी कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. त्यांच्यातली एक दुसऱ्याच दिवशी विचारू लागली, “सर, ही यादृच्छिक बिंदूंची फाइल खऱ्या दीर्घिकांच्या फाइलपेक्षा कितीतरी मोठी आहे. जे अस्तित्वातच नाही त्याची नोंद एवढी मोठी कशाला?” संख्याशास्त्राच्या शिक्षकाला याहून चांगला प्रश्न मिळत नाही. यादृच्छिक बिंदू अनेक पटींनी जास्त घेतले तरच त्यांची स्वतःची चढउतार नगण्य होते आणि तुलनेचा आधार स्थिर राहतो. शंभरात एकाची तफावत शोधताना आधारच दोन टक्क्यांनी डुगडुगत असेल तर सारे मुसळ केरात. त्यांनी यादीचा एक भाग घेऊन घरच्या लॅपटॉपवर जोड्या मोजल्या, एप्रिलच्या उकाड्यात पंख्याखाली ठेवलेला तो लॅपटॉप रात्रभर चालू राहिला, आणि आलेखात १०० ते १२० मेगापार्सेकपर्यंत सुबकपणे उतरत गेलेली रेघ १५० मेगापार्सेकच्या अलीकडे किंचित वर उचललेली दिसली. मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या त्रुटिपट्ट्या इतक्या रुंद होत्या की त्यावरून कुणी काही सिद्ध करू शकले नसते. तरी सोलापुरात बसून ती रेघ वर उचललेली पाहण्यात एक समाधान होते, हे नाकारत नाही.

त्याच दिवसांत शहरातले दिवे मागे टाकून नान्नजच्या रस्त्याला गेले तर रात्री नऊ-दहाच्या सुमारास सिंह रास डोक्यावर आणि सप्तर्षी उत्तरेला उंच आलेले असतात, पूर्वेकडून स्वाती आणि चित्रा वर चढत असतात. आकाशगंगेचा पट्टा तेव्हा क्षितिजालगत असतो, म्हणून या भागात आपल्याच धुळीचा अडथळा सर्वांत कमी. स्लोनच्या नकाशाचा सर्वांत मोठा सलग तुकडा याच आकाशात आहे. नुसत्या डोळ्यांना तिथली एकही दूरची दीर्घिका दिसत नाही, पण ०.५ ताम्रसृतीपाशी ती ४८ कोटी प्रकाशवर्षांची लांबी आकाशात सुमारे सव्वाचार अंश भरते, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राची आठ-नऊ बिंबे ओळीने मांडावीत एवढी.

पुण्याच्या वाचकांना या संदर्भात ‘सरस्वती’ महासमूह आठवेल. आयुका आणि आयसर या पुण्यातील संस्थांच्या खगोलशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये स्लोनच्याच सार्वजनिक नोंदींतून मीन राशीच्या दिशेने सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकासमूहांची ही प्रचंड रचना शोधली. तिची बातमी झाली हे योग्यच. पण विश्वाचे प्रसरण मोजणारे विश्लेषण कोणत्याही एका रचनेला नाव देत नाही, त्याला सगळ्या रचना सारख्याच. थोडे मागे जायचे तर, मोजणीवरून विश्वाचे स्वरूप ठरवण्याच्या वादात एक मराठी नाव फार आधी येते. १९६१ मध्ये मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची मोजणी स्थिर स्थिती सिद्धान्ताविरुद्धचा, म्हणजे विश्व सदासर्वकाळ सारखेच असते या मताविरुद्धचा, पुरावा म्हणून मांडली, तेव्हा फ्रेड हॉइल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी उत्तर दिले की द्रव्य मोठ्या अंतरांपर्यंत गुठळ्या-गुठळ्यांनी विखुरलेले असेल तर त्या मोजणीचा अर्थ वेगळा लागू शकतो. स्थिर स्थिती सिद्धान्त पुढे टिकला नाही आणि नारळीकरांनी महास्फोटाचे चित्र अखेरपर्यंत पूर्णपणे स्वीकारले नाही. तरी मोजणीवर विश्वास ठेवण्यापूर्वी द्रव्याचे वाटप कसे आहे हे विचारा, हा त्यांचा आक्षेप पद्धत म्हणून अगदी रास्त होता.

आज या क्षेत्रात सर्वांत पुढे आहे ती अॅरिझोनातील किट पीकवरची ‘डेझी’. चार मीटरच्या मेयॉल दुर्बिणीवर बसवलेल्या या उपकरणात तबकड्या नाहीत. ५००० प्रकाशतंतूंपैकी प्रत्येकाला स्वतःचा छोटा रोबो आहे आणि नवे लक्ष्य समोर आले की ते सगळे एकाच वेळी काही मिनिटांत आपापल्या जागा घेतात. मुख्य सर्वेक्षण मे २०२१ मध्ये सुरू झाले. पहिल्या वर्षाच्या सुमारे ६० लाख दीर्घिका आणि क्वेसारांवर (अतिदूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांवर) आधारलेले निष्कर्ष एप्रिल २०२४ मध्ये आले, आणि तीन वर्षांच्या दीड कोटीच्या जवळपास नोंदींवर आधारलेले मार्च २०२५ मध्ये. इथेही हिशेब न पाहिलेल्याचा आहे. प्रत्येक रोबोची पोहोच मर्यादित, काही रोबो बंदच पडलेले, आणि दोन दीर्घिका एकाच रोबोच्या वाट्याला आल्या तर एकच पाहिली जाणार. म्हणून कोणता तंतू कोणाला मिळाला ही सगळी वाटणी संगणकावर प्राधान्यक्रम बदलून शंभराहून अधिक वेळा पुन्हा केली जाते आणि प्रत्येक दीर्घिका पाहिली जाण्याची शक्यता किती होती हे त्यावरून काढले जाते. एवढे झाल्यावरही विश्लेषकांना खरी यादी लगेच मिळत नाही. ताम्रसृतींमध्ये मुद्दाम एक गुप्त बदल घातलेली यादी त्यांना दिली जाते, पद्धतीचे सगळे निर्णय तिच्यावर पक्के होतात, आणि मगच पडदा उघडला जातो, जेणेकरून कुणीही अपेक्षित उत्तराकडे नकळत झुकू नये. आमच्याकडे विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांवरचा क्रमांक झाकण्यामागेही हाच विचार असतो, पण तो इतक्या निष्ठेने पाळलेला मी इथेच पाहिला.

प्रसरणाखेरीज गुरुत्वाकर्षणाचा जोर मोजण्याचा मार्गही याच नकाशात असतो. दीर्घिका प्रसरणाबरोबर नुसत्या वाहत नाहीत, त्या दाट भागांकडे ओढल्याही जातात, आणि त्या गतीची भर त्यांच्या ताम्रसृतीत पडते. त्यामुळे नकाशा दृष्टिरेषेच्या दिशेने किंचित दबलेला दिसतो. निक कायसर यांनी १९८७ मध्ये दाखवले की हा दबाव मोजला तर रचना किती वेगाने वाढत आहेत, म्हणजे गुरुत्वाकर्षण किती जोर लावत आहे, हे कळते. आधी अडचण वाटलेली गोष्ट पुढे मोजमापाचे साधन झाली.

मग आकडे काय सांगतात? प्लांक उपग्रहाने सूक्ष्मलहरी प्रारणावरून, म्हणजे अणू बनताना मोकळ्या झालेल्या त्या आद्य प्रकाशावरून, काढलेल्या हिशेबात विश्वाच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ५ टक्के सामान्य द्रव्य, २६-२७ टक्के कृष्णद्रव्य आणि उरलेले जवळजवळ ६८ टक्के कृष्णऊर्जा आहे, आणि आजचा प्रसरणदर दर मेगापार्सेकमागे सेकंदाला ६७.४ किलोमीटर येतो. जवळच्या अधिनवताऱ्यांवरून, म्हणजे स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून, आणि ठराविक लयीत तेज बदलणाऱ्या सेफीड ताऱ्यांवरून तोच दर ७३ च्या आसपास निघतो. दीर्घिकांचे सर्वेक्षण या वादात स्वतंत्र साक्ष देऊ शकते: सामान्य द्रव्याचे प्रमाण महास्फोटातील ड्यूटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) निर्मितीवरून घेऊन लहरीची लांबी काढली, तर प्लांकचा आधार न घेताही डेझीचा दर ६८.५ च्या जवळ येतो. हा वाद केवळ प्लांकच्या उपकरणातल्या दोषातून उभा राहिला असेल, असे म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही.

गाजलेला निष्कर्ष मात्र कृष्णऊर्जेचा. १९९८ मध्ये अधिनवताऱ्यांवरून प्रसरण वेग घेत आहे हे कळले तेव्हापासून सर्वांत साधे गृहीतक असे आहे की कृष्णऊर्जेचा दाब आणि तिची घनता यांचे गुणोत्तर नेहमीच उणे १ असते, म्हणजे अवकाश कितीही ताणले तरी तिची घनता बदलत नाही. डेझीची अंतरे एकटी पाहिली तर या गृहीतकाशी भांडत नाहीत. त्यांच्यानुसार द्रव्याचा वाटा सुमारे ०.३० येतो. प्लांकनुसार तो ०.३१५. ही लहानशी फट सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे, आणि बातम्यांत तिचा उल्लेख मला क्वचितच दिसला. गुणोत्तर काळानुसार बदलू दिले तर फट मिटते, आणि चित्र असे येते की कृष्णऊर्जा आज पूर्वीपेक्षा दुबळी होत चालली आहे. डेझी आणि सूक्ष्मलहरी प्रारण एकत्र घेतले तर स्थिर कृष्णऊर्जेपासूनचे विचलन ३.१ सिग्मा येते (सिग्मा हे विचलन योगायोगाच्या चढउताराच्या तुलनेत किती मोठे आहे याचे माप). त्यात अधिनवताऱ्यांची भर घातली की कोणती यादी निवडली त्याप्रमाणे ते २.८, ३.८ किंवा ४.२ सिग्मा होते.

हे आकडे संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर २.८ सिग्मा म्हणजे निव्वळ योगायोगाने दोनशेत एकदा घडणारी गोष्ट आणि ४.२ सिग्मा म्हणजे सुमारे ३७ हजारांत एकदा. एकाच आकाशाबद्दलची, बरीचशी सामाईक माहिती वापरणाऱ्या तीन यादींतून इतकी वेगळी उत्तरे येत असतील, तर फरक आकाशात नाही, याद्या कशा जुळवल्या त्यात आहे, असा माझा कल होतो. ४.२ हा आकडा देणाऱ्या यादीत ‘डार्क एनर्जी सर्व्हे’ या सर्वेक्षणाने एकाच कॅमेऱ्याने टिपलेले १६३५ दूरचे अधिनवतारे आहेत, पण जवळचे मात्र निरनिराळ्या जुन्या सर्वेक्षणांतून घेतलेले. केंब्रिजचे जॉर्ज एफस्टॅथिऊ यांनी २०२४ मध्ये नेमका याच सांध्यावर आक्षेप घेतला: जवळच्या आणि दूरच्या ताऱ्यांच्या तेजस्वितेत ०.०४ प्रतींचा (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप) फरक राहिला असेल तर निष्कर्षाचा बराच जोर ओसरतो. डार्क एनर्जी सर्व्हेच्या गटाने उत्तर दिले आहे आणि ते वाचण्याजोगे आहे. पण मला ते पूर्ण पटलेले नाही.

दुसरी खटकणारी गोष्ट न्यूट्रिनोंची, म्हणजे अत्यंत हलक्या मूलकणांची. प्रयोगशाळेतील मोजमापांवरून तिन्ही न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांची बेरीज किमान ०.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (मूलकणांचे वस्तुमान मोजण्याचे एकक) आसपास असायलाच हवी. कृष्णऊर्जा स्थिर धरून डेझी आणि सूक्ष्मलहरी प्रारण एकत्र केले तर हीच बेरीज ०.०६४ पेक्षा जास्त नसावी असे निघते. वरची मर्यादा खालच्या मर्यादेला जवळजवळ टेकली आहे. कृष्णऊर्जा बदलू दिली की मर्यादा ०.१६ पर्यंत सैल होते. काहीतरी चुकत आहे हे अधिनवताऱ्यांना हात न लावताही जाणवते, एवढे यावरून म्हणता येईल. ते भौतिकीत चुकत आहे की मोजमापात, हे नाही.

युक्लिड उपग्रह जुलै २०२३ पासून अवकाशात आहे आणि चिलीतील रुबिन वेधशाळेची पहिली चित्रे जून २०२५ मध्ये आली. युक्लिडकडून दूरच्या दीर्घिकांची स्वतंत्र यादी मिळेल आणि डेझीच्या अंतरांची उलटतपासणी होईल. माझे लक्ष मात्र अधिक रुबिनकडे आहे, कारण जवळचे आणि दूरचे अधिनवतारे एकाच ८.४ मीटरच्या आरशाने आणि एकाच कॅमेऱ्याने टिपलेले असले की तो सांधाच उरत नाही. तोवर वर्गात कुणी कृष्णऊर्जेची बातमी घेऊन आले तर मी फळ्यावर २.८ आणि ४.२ हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहितो आणि दोन्हींत कोणते अधिनवतारे वापरले आहेत ते शोधून आणायला सांगतो.